ऑगस्टा नॅशनल गोल्फ कोर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर एप्रिलमध्ये तिथली मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा सुरू झाली की हेच प्रश्न पुन्हा येतात. काही गोल्फ खेळणाऱ्यांचे असतात. बरेचसे मात्र रविवारी रात्री टीव्ही लावून ‘हे इतकं हिरवं खरंच असतं का?’ म्हणणाऱ्यांचे असतात. दोघांसाठीही उत्तरं एका जागी ठेवली आहेत. मी तिथे खेळलेलो नाही आणि खेळण्याची शक्यताही नाही. का, ते प्रश्न २ मध्ये आहे.

१. ऑगस्टा नॅशनल हे नेमकं कशाचं नाव? क्लबचं, मैदानाचं की स्पर्धेचं?

क्लबचं आणि त्याच्या मैदानाचं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाचं शहर आहे, तिथला हा खासगी क्लब. स्पर्धेचं नाव मास्टर्स. ती पहिल्यांदा १९३४ मध्ये झाली आणि हॉर्टन स्मिथ जिंकला. तेव्हा तिचं नाव साधं निमंत्रितांची स्पर्धा असं होतं, ‘मास्टर्स’ हे अधिकृत नाव १९३९ पासूनचं. पुरुषांच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी बाकीच्या तीन दरवर्षी मैदान बदलतात, ही एकटीच एका जागी रुतून बसली आहे. म्हणूनच अठराच्या अठरा होल (मैदानाचे टप्पे, प्रत्येकाच्या शेवटी चेंडू घालायचा खळगा) लोकांना पाठ असतात. पंढरपूरची वाट कधी न चाललेल्यालाही वारीचे मुक्काम माहीत असतात, त्यातला प्रकार.

२. खासगी म्हणजे किती खासगी? पैसे भरून एक राउंड खेळता येत नाही का?

नाही. सदस्यत्वासाठी अर्जच नसतो. क्लब बोलावतो आणि बोलावलेला येतो. सदस्यांची संख्या साधारण तीनशेच्या आसपास सांगितली जाते, यादी क्लब प्रसिद्ध करत नाही. बाहेरच्या माणसाला खेळायचं तर एखाद्या सदस्याचा पाहुणा म्हणूनच. स्पर्धा बघायला जायचं असेल तर सोडतीत नाव निघावं लागतं. आत मोबाइल नेता येत नाही, धावता येत नाही, आणि प्रेक्षकांना तिथे ‘प्रेक्षक’ न म्हणता ‘पेट्रन’ म्हणतात.

या बंदिस्तपणाचा मैदानाच्या घडणीशी थेट संबंध आहे. वर्षभर खेळून पैसे मिळवायचे नसल्यामुळे क्लब मे महिन्याच्या अखेरीस दार लावतो ते ऑक्टोबरमध्ये उघडतो. एवढी विश्रांती सार्वजनिक कोर्सच्या गवताला स्वप्नातही मिळत नाही.

३. हा कोर्स कोणी आखला? बॉबी जोन्स आणि रॉबर्ट ट्रेंट जोन्स एकच ना?

एकच नव्हेत, आणि हा घोळ नेहमीचा आहे. बॉबी जोन्स म्हणजे अटलांटाचा वकील आणि जन्मभर हौशी राहिलेला खेळाडू. १९३० मध्ये त्याने ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडच्या हौशी आणि खुल्या अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धात्मक खेळ सोडला. त्याला गर्दीपासून लांब, मित्रांसोबत खेळायला मैदान हवं होतं. व्यवहाराची बाजू न्यूयॉर्कच्या क्लिफर्ड रॉबर्ट्सने सांभाळली.

आखणी जोन्सने अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांच्याबरोबर केली. मॅकेन्झी ब्रिटिश, शिक्षणाने डॉक्टर. लष्करात असताना त्यांनी छद्मावरणाचा, म्हणजे खंदक आजूबाजूच्या भूमीत बेमालूम मिसळवण्याचा अभ्यास केला होता. तीच नजर त्यांनी गोल्फच्या बंकरांना, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांना लावली. जोन्सने कॅलिफोर्नियातला त्यांचा सायप्रस पॉइंट हा कोर्स पाहिला होता आणि माणूस मनात पक्का केला होता. पुढे कामाच्या पाहणीला मॅकेन्झींनी आपल्या वतीने मॅरियन हॉलिन्स या अव्वल खेळाडू बाईंना ऑगस्टाला पाठवलं. हा तपशील प्रश्न १३ वाचताना आठवा.

मंदीचे दिवस होते. मॅकेन्झींना ठरलेलं पूर्ण मानधन कधीच मिळालं नाही. जानेवारी १९३४ मध्ये ते वारले, पहिली स्पर्धा त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी झाली. गवत धरलेलं मैदान त्यांनी पाहिलंच नाही.

रॉबर्ट ट्रेंट जोन्स हा वेगळा वास्तुकार. त्याचं काम १९४० च्या दशकात येतं, ते प्रश्न ११ मध्ये.

४. होलना झाडाफुलांची नावं का आहेत?

कारण ही जमीन मुळात रोपवाटिका होती. त्याआधी तिथे निळीची लागवड होती. आजचं क्लबहाउस म्हणजे त्या निळीच्या मळेवाल्याचं १८५४ चं काँक्रीटचं घर. १८५७ मध्ये बर्कमन्स हे बेल्जियन कुटुंब आलं आणि ‘फ्रूटलँड’ रोपवाटिका सुरू झाली. पीच आणि अझेलिया त्या भागात पसरवण्यात तिचा मोठा वाटा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती बंद पडली. १९३१ मध्ये जोन्स आणि रॉबर्ट्स यांनी ३६५ एकर घेतले ते हेच.

म्हणून पहिला होल ‘टी ऑलिव्ह’, दहावा ‘कॅमेलिया’, तेरावा ‘अझेलिया’. दारापासून क्लबहाउसपर्यंत ‘मॅग्नोलिया लेन’ आहे, दोन्ही बाजूंना मिळून ६१ झाडं. मॅग्नोलिया परका वाटत असेल तर एवढं सांगतो: आपला सोनचाफा त्याच कुळातला.

५. टीव्हीवर तर छान सपाट बाग दिसते. यात अवघड काय आहे?

हाच सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि दोष विचारणाऱ्याचा नाही, कॅमेऱ्याचा आहे. कॅमेरा चढ-उतार चेपून टाकतो. मैदानाच्या सर्वात उंच आणि सर्वात खोल जागेत सुमारे १७५ फुटांचा फरक आहे, म्हणजे पंधरा-सोळा मजल्यांची इमारत. एकट्या दहाव्या होलवर टीपासून (पहिला फटका मारायची जागा) ग्रीनपर्यंत (शेवटचा आखूड गवताचा भाग, जिथे खळगा आणि त्यात झेंडा असतो) सुमारे १०० फूट उतार आहे. प्रत्यक्ष जाऊन आलेला जो तो फुलांबद्दल नंतर बोलतो, आधी पोटऱ्यांबद्दल बोलतो.

या उतारामुळे दोन गोष्टी होतात. एक, चेंडू क्वचितच सपाट जागी उभा राहतो. पायांपेक्षा वर, पायांपेक्षा खाली, नाहीतर उतरणीवर. अशा प्रत्येक जागेवरून तो वेगळ्या दिशेला वळतो. दोन, ग्रीनवर डोळ्यांना दिसणारा उतार आणि सबंध टेकडीचा उतार यांचं जमतंच असं नाही. तिथे जुनं सांगणं आहे की शंका आली तर चेंडू रेज क्रीककडे, म्हणजे खालच्या ओढ्याकडे जाईल असं धरा.

माझं स्पष्ट मत: ऑगस्टाचं सगळं व्यक्तिमत्त्व या जमिनीच्या घडणीत आहे. फुलं काढून टाकली तरी कोर्स तेवढाच कठीण राहील. जमीन सपाट केली तर उरेल ते उत्तम निगा राखलेलं उद्यान.

६. मग फेअरवे, म्हणजे टी ते ग्रीनमधले गवताचे पट्टे, एवढे रुंद कशाला ठेवले?

मॅकेन्झी आणि जोन्स दोघांचाही आदर्श स्कॉटलंडचा सेंट अँड्र्यूजचा जुना कोर्स. तिथे चेंडू टाकायला जागा भरपूर असते, पण योग्य जागा एकच असते. साध्या खेळाडूचा चेंडू हरवू नये, त्याचा दिवस वाया जाऊ नये, आणि कसलेल्याला मात्र डोकं चालवावं लागावं, असा हिशेब.

उदाहरण घ्या. झेंडा ग्रीनच्या डाव्या कडेला आहे. फेअरवेच्या डाव्या बाजूने फटका मारलात तर मध्ये बंकर येतो, उजवीकडून मारलात तर वाट मोकळी. दोन्ही चेंडू फेअरवेवरच होते, पण एक चांगला आणि दुसरा नुसता सुखरूप. शिक्षा लगेच मिळत नाही, पुढच्या फटक्याला मिळते. बुद्धिबळात चुकीच्या घरी ठेवलेला घोडा चार चालींनंतर नडतो, तसं.

म्हणूनच सुरुवातीला सबंध मैदानात जेमतेम २२ बंकर होते. आज त्याच्या दुप्पट आहेत. चौदाव्या होलवर मात्र अजून एकही नाही, आणि तिथला ग्रीन भल्याभल्यांना तीन-तीन ‘पट’ (ग्रीनवर चेंडू खळग्यात घालायचे हलके फटके) मारायला लावतो.

७. गवत कोणतं आहे? आणि ग्रीन काचेसारखे कसे?

फेअरवेला मुळात बर्म्युडा गवत. नाव परदेशी, पण हीच आपली हरळी. बाप्पाला वाहतो ती दूर्वा याच जातीची, तिकडे तिचे बारीक पानांचे संकरित वाण वापरतात. थंडीत हरळी पिवळी पडून झोपी जाते. म्हणून शरद ऋतूत तिच्यावर राय गवताचं बी पेरतात. एप्रिलमध्ये टीव्हीवर दिसतो तो गर्द हिरवा रंग या पाहुण्या रायचा असतो, खालच्या हरळीचा नव्हे.

ग्रीनवर १९८१ च्या स्पर्धेपासून बेंटग्रास आहे. त्याआधी तिथेही बर्म्युडाच होतं. बेंट थंड हवेतलं गवत, अत्यंत आखूड कापता येतं, त्यामुळे चेंडू भराभर घरंगळतो. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात ते जगवणं म्हणजे लाडावलेल्या पोराला सांभाळणं. ग्रीनच्या खाली नळ्यांचं जाळं आहे, त्यातून यंत्राने ओलावा खाली ओढून घेता येतो किंवा हवा सोडता येते. ही यंत्रणा ऑगस्टातच विकसित झाली. त्यामुळे सकाळी पाऊस पडून गेला तरी दुपारी ग्रीन पुन्हा टणक. वेग नेमका किती, हा आकडा क्लब जाहीर करत नाही.

८. ‘आमेन कॉर्नर’ म्हणजे कोणता कोपरा?

अकरावा, बारावा आणि तेरावा होल. काटेकोरपणे बघायचं तर अकराव्याचा दुसरा फटका, सबंध बारावा आणि तेराव्याचा टीवरचा फटका. मैदानाचा हा सगळ्यात सखल कोपरा, रेज क्रीक इथूनच वाहतो. नाव दिलं ते लेखक हर्बर्ट वॉरन विंड यांनी, १९५८ मध्ये ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ मासिकात, एका जुन्या जॅझ रेकॉर्डवरून. त्याच वर्षी अर्नोल्ड पामरने इथेच डाव फिरवून पहिली मास्टर्स जिंकली.

९. बारावा होल फक्त १५५ यार्डांचा आहे. मग एवढी दहशत कसली?

१५५ यार्ड म्हणजे साधारण १४० मीटर. व्यावसायिकाच्या हातात छोटीशी लोखंडी काठी असते. तरीही १९८० मध्ये टॉम वाइसकॉफने इथे एकाच होलला १३ फटके घेतले. २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथ शेवटच्या दिवशी निम्म्या वाटेवर पाच फटक्यांनी पुढे होता. इथे दोनदा चेंडू पाण्यात घालून त्याने ७ केले आणि स्पर्धा गेली. २०२० मध्ये टायगर वुड्सने १० केले.

कारण ग्रीनच्या आकारात आहे. ग्रीन उथळ आहे आणि तिरका बसवला आहे: डावी बाजू खेळाडूच्या जवळ, उजवी लांब. समोर ओढा, मागे झुडपांचा चढ. आता उजव्या हाताने खेळणारा माणूस चुकतो कसा ते पाहा. फटका जरा निसटला की चेंडू उजवीकडे जातो आणि आखूडही पडतो. नेमकी तिथेच ग्रीन लांब आहे, म्हणजे चेंडू थेट पाण्यात. ओढून मारला तर डावीकडे आणि लांब, तिथे ग्रीन जवळ आहे, म्हणजे चेंडू पार मागच्या झुडपांत. माणसाची नैसर्गिक चूक आणि ग्रीनचा कोन एकमेकांच्या उलटे ठेवले आहेत. रविवारी झेंडा उजवीकडेच लावतात, आणि शहाणी माणसं झेंड्याकडे न बघता मधल्या बंकरच्या वर मारतात. मोह आवरत नाही ते स्पीथ होतात.

त्यात वारा. उंच पाइनच्या मधल्या या खळग्यात तो गोल फिरतो. अकराव्याचा झेंडा एकीकडे फडफडतो, बाराव्याचा दुसरीकडे.

१०. तेराव्यावर खेळाडू दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा जुगार का खेळतात?

कारण मैदान त्यांना तसं बोलावतं. तेरावा पार पाच, म्हणजे पाच फटके अपेक्षित. होल डावीकडे वळतो आणि डाव्या कडेने ओढ्याची एक शाखा जाते, तीच पुढे ग्रीनसमोरून वाहते. पाण्याच्या जितकं जवळ मारण्याचं धाडस कराल तितकं अंतर कमी आणि उभं राहायची जागा सपाट. घाबरून उजवीकडे राहिलात तर अंतर वाढतं आणि चेंडू पायांपेक्षा वर येतो. तिथून तो डावीकडे पळणार, आणि तुम्हाला तर तो पाण्यावरून अलगद उतरवायचा आहे. प्रश्न ६ मध्ये जे तत्त्व सांगितलं त्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

गेल्या काही वर्षांत लांब मारणारे झाडांवरून कोपरा कापू लागले आणि जुगारातली गंमत गेली. म्हणून क्लबने शेजारच्या कंट्री क्लबकडून जमीन विकत घेतली आणि २०२३ मध्ये टी मागे नेऊन होल ५१० वरून ५४५ यार्ड केला.

११. आजच्या मैदानात मॅकेन्झींचं मूळ काम किती उरलं आहे?

यावर जाणकारांत भांडणं होतात. माझ्या मते: वाटा त्यांच्या, ग्रीन बहुतेक दुसऱ्यांचे.

सगळ्यात मोठा बदल तर पहिल्या स्पर्धेनंतर लगेच झाला. १९३४ मध्ये आजचा दहावा होल पहिला होता. सखल भागात सकाळी दव आणि गारठा उशिरापर्यंत राहतो म्हणून पुढचे नऊ आणि मागचे नऊ यांची अदलाबदल केली. सोय म्हणून केलेल्या या बदलामुळे आमेन कॉर्नर स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात आला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पेरी मॅक्सवेलने सातवा आणि दहावा बदलला. १९४७ मध्ये ट्रेंट जोन्सने सोळाव्यावर ओढ्याच्या जागी तळं आणलं. २००२ आणि २००६ मध्ये टॉम फॅझिओने मैदान बरंच लांबवलं. सुरुवातीला साधारण ६,७०० यार्ड असलेला कोर्स २०२५ च्या स्पर्धेत ७,५५५ यार्ड होता.

मॅकेन्झींचं एक अस्सल अवशेष बघायचं असेल तर दहाव्याच्या फेअरवेत मधोमध असलेला तो प्रचंड, वेडावाकडा बंकर पाहा. ‘इथे बंकर कशाला, इथे कुणाचाच चेंडू पडत नाही’ असं बरेच जण लिहितात. बरोबर आहे. पूर्वी तो ग्रीनला लागून होता. ग्रीन मागे उंचावर सरकला आणि बंकर तिथेच राहिला, गाव उठून गेल्यावर मागे राहिलेल्या वेशीसारखा.

१२. इथे रफ नसतो म्हणतात, मग कडेचं गवत कसलं?

रफ म्हणजे फेअरवेच्या कडेचं उंच गवत. १९९९ पर्यंत तो जवळजवळ नव्हताच. तेव्हापासून फेअरवेच्या कडेला थोडं उंच गवत ठेवतात. क्लब त्याला रफ म्हणत नाही, ‘सेकंड कट’ म्हणतो. गवत दीड इंचाच्या आतलंच. मला हा बदल पटत नाही. उंच गवतात चेंडू अडकून थांबतो, पूर्वी तो घरंगळत पाइनच्या झाडांखाली जायचा. म्हणजे शिक्षा म्हणून आणलेलं गवत कधी कधी वाचवतंच. शिवाय रुंद फेअरवेच्या मूळ कल्पनेला (प्रश्न ६) त्याने कात्री लागते.

१३. महिलांना आणि कृष्णवर्णीयांना तिथे प्रवेश नव्हता हे खरं का?

खरं. मास्टर्समध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय गोल्फर ली एल्डर, साल १९७५. पहिला कृष्णवर्णीय सदस्य १९९० मध्ये. त्याआधीची कित्येक वर्षं स्पर्धेतले कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारे मदतनीस, मात्र सगळे कृष्णवर्णीयच असत. १९८२ पर्यंत खेळाडूला क्लबचाच कॅडी घ्यावा लागे. या मैदानाचे उतार ज्यांना खरोखर पाठ होते ती माणसं सदस्य होऊ शकत नव्हती.

महिलांना सदस्यत्व मिळालं ते २०१२ मध्ये, कॉन्डोलिझा राइस आणि डार्ला मूर यांना. मैदान घडत असताना वास्तुकाराच्या वतीने पाहणी करायला एक बाई चालत होती आणि क्लबचं दार बाईला उघडायला ऐंशी वर्षं गेली. २०१९ पासून महिलांच्या हौशी स्पर्धेची अंतिम फेरी इथे होते.

१४. सतराव्यावरचं ते राष्ट्राध्यक्षांचं झाड कुठे गेलं?

२०१४ च्या फेब्रुवारीत हिमवादळात मोडलं, काढावं लागलं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर क्लबचे सदस्य होते आणि त्यांचा चेंडू या पाइनवर इतक्या वेळा आदळे की १९५६ च्या सभेत त्यांनी ते तोडायचा प्रस्ताव मांडला. अध्यक्षस्थानी असलेल्या रॉबर्ट्सने प्रस्ताव नियमबाह्य ठरवून सभाच बरखास्त केली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला आपल्या सोसायटीच्या सभेसारखा अनुभव आलेला पाहून बरं वाटतं.

१५. फुलं नेमकी त्याच आठवड्यात कशी फुलतात? काही युक्ती असते का?

मुळात स्पर्धेची तारीखच बहराच्या बेताने आहे. तरी निसर्ग काही क्लबचा नोकर नाही. उन्हाळा लवकर आला तर अझेलिया आधीच गळून जातात. कोविडमुळे २०२० ची स्पर्धा नोव्हेंबरमध्ये झाली तेव्हा फुलांऐवजी पानगळीचे रंग होते आणि ग्रीन मऊ. डस्टिन जॉन्सनने २६८ फटक्यांचा विक्रम केला तो त्याच वर्षी. बंकरची ती पांढरीशुभ्र वाळू मात्र कोणत्याही महिन्यात तशीच. ती नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रूस पाइनच्या खाणींतला क्वार्ट्‌झ आहे.

१६. असा कोर्स महाराष्ट्रात होऊ शकेल का?

आखणी होऊ शकेल, गवत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी चढ-उतारांची काय कमी! रुंद फेअरवे, तिरके ग्रीन, कमी बंकर यांना हवामान आड येत नाही. पण बेंटग्रास आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात आणि त्यामागून येणाऱ्या चार महिन्यांच्या पावसात टिकवणं म्हणजे पाणी आणि औषधं ओतत राहणं. आपल्याकडे हरळीच बरी. आमच्या ओळखीच्या एका क्लबात ‘ऑगस्टासारखे ग्रीन’ करायचा उत्साह आला होता, दोन पावसाळ्यांत बुरशीने निकाल लावला. नक्कल करायचीच तर प्रश्न ९ मधल्या कोनाची करावी, रंगाची नाही.

१७. भारतीय कुणी तिथे खेळलं आहे का? आणि आपल्याकडे किती वाजता बघायचं?

जीव मिल्खा सिंग हा मास्टर्स खेळलेला पहिला भारतीय, २००७ मध्ये. नंतर अर्जुन अटवाल, अनिर्बान लाहिरी आणि शुभंकर शर्मा.

एप्रिलमध्ये जॉर्जिया आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. शेवटचा पट संध्याकाळी सातच्या सुमारास पडतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट, साडेचार. आघाडीवरचे खेळाडू आमेन कॉर्नरला पोचतात ते आपल्या अडीच-तीनच्या आसपास. झोपायचंच असेल तर आधी झोपून घ्या आणि दोनचा गजर लावा.